कागदी नकाशा, होकायंत्र आणि मावळातल्या वाटा

लोणावळ्याला लागून असलेले कुसगाव बुद्रुक हे नकाशा वाचणाऱ्याच्या दृष्टीने जरा अडचणीचे गाव आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत हा सगळा मुलूख ४७ एफ या चौकोनात पडतो. त्याचे सोळा तुकडे केले की कुसगाव येते ४७ एफ/६ या पत्रकात, पण त्याच्या अगदी वरच्या काठाशी. १८ अंश ४५ मिनिटे अक्षांशाची रेघ लोणावळ्यातूनच जाते आणि तिथे पत्रक संपते. राजमाची त्यामुळे ४७ एफ/५ वर. लोहगड आणि विसापूर कुसगावच्याच पत्रकावर, पण उजव्या कडेला टेकलेले. तिकोना त्या कडेपलीकडे, ४७ एफ/१० वर. आजूबाजूच्या चार किल्ल्यांच्या दिशा काढायच्या तर तीन पत्रके मांडीवर जुळवून धरायची, आणि पावसाळ्यात वारा त्यातले एक नक्की पळवणार.

भर म्हणून मावळ तालुक्यात कुसगावे तीन आहेत: बुद्रुक, खुर्द आणि पवन मावळातले. मोबाइलवर नुसते ‘कुसगाव’ टाकले तर यंत्र त्यातले कोणते निवडेल ते त्याचे त्याला ठाऊक. जमीनही एका जागी राहत नाही. २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, नंतर उभे राहिलेले शिक्षणसंकुल, बंगल्यांच्या वसाहती आणि खोपोलीहून निघून कुसगावापाशी बाहेर पडणारा ‘मिसिंग लिंक’ यांतले काहीही जुन्या छापील पत्रकावर नाही.

कागदी नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात वाट काढण्याच्या विद्येला आज सह्याद्रीत काय स्थान आहे, या प्रश्नाचा आढावा घ्यायला म्हणूनच हे गाव सोयीचे. गिर्यारोहण संस्था, एनसीसीतून आलेले शिक्षक, ट्रेक नेणारे व्यावसायिक, बचावपथकांतले कार्यकर्ते आणि घाटमाथ्यावरचे गावकरी या सगळ्यांचे त्यावर काही ना काही मत आहे, आणि ही मते एकमेकांशी फारशी बोलत नाहीत.

पत्रकांच्या आधी

या डोंगरात वाट ही माणसाच्या डोक्यात राहत आली. कुसगावच्या पश्चिमेला नागफणी, म्हणजे इंग्रजांचा ड्यूक्स नोज. तिच्या पायथ्याचे कुरवंडे हे इंद्रायणीच्या उगमाचे गाव, आणि तिथून कोकणात उतरणारा कुरवंडे घाट. १६६१ च्या फेब्रुवारीत शाइस्ताखानाचा सरदार कारतलबखान आपले सैन्य घेऊन याच बाजूने खाली उतरला. २ फेब्रुवारीला चावणी गावाजवळ उंबरखिंडीच्या दाट रानात शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला दोन्ही बाजूंनी कोंडले. परमानंदाच्या शिवभारतात या मोहिमेचे वर्णन आहे. खानाला कोकणात जायचे होते आणि तो कोकणाच्याच दिशेने चालला होता, म्हणजे दिशेत काही चूक नव्हती. ती वाट पुढे किती अरुंद होते, पाणी कुठे मिळते, बाजूच्या उंचवट्यावर माणसे कुठून चढू शकतात, हे त्याला ठाऊक नव्हते आणि समोरच्याला होते. होकायंत्राच्या मर्यादेबद्दल पुढे जे म्हणायचे आहे त्याचे हे सर्वांत जुने स्थानिक उदाहरण म्हणता येईल.

मराठेशाहीतले जे नकाशे उरले आहेत त्यांत नद्या, किल्ले, गावे चित्रासारखी काढलेली दिसतात. ठरलेले प्रमाण नाही, अंतरे अंदाजाची. दरबारात बसून मुलूख समजून घ्यायला ते पुरेसे होते. वाटेवर माहितगार असायचाच.

मोजून काढलेला नकाशा आला तो कंपनी सरकारबरोबर. सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकू लागली. लॅम्बटन १८२३ मध्ये वारला तो आपल्या हिंगणघाटला, छावणी नागपूरच्या रोखाने चाललेली असताना. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर सूत्रे घेणाऱ्या एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले हे सगळ्यांना माहीत असते. पृथ्वीच्या आकाराचे जे गणित जुन्या भारतीय नकाशांच्या पायाशी आहे त्यालाही त्याचेच नाव आहे, आणि त्याचा त्रास आजच्या भटक्याला होतो. तो पुढे येईल.

बंद पत्रके, उघडी पत्रके

एका इंचाला एक मैल हे जुने प्रमाण जाऊन १:५०,००० आले. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचे अंतर. डोंगरात चालणाऱ्याला कामाचा असा हाच नकाशा. पण स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके तो हातात पडणे अवघड होते. सीमा आणि समुद्रकिनारा यांपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातली पत्रके ‘निर्बंधित’ असत. लोणावळा किनाऱ्यापासून सरळ रेषेत ५५-६० किलोमीटरवर आहे, म्हणजे घाटमाथा आणि त्याखालचे कोकण पूर्णपणे त्या पट्ट्यात. महाराष्ट्रातल्या डोंगरभटक्यांची जी पिढी १९६० ते १९९० या काळात घडली तिच्या वाट्याला हा नकाशा रीतसर क्वचितच आला.

त्या पिढीने आपली वेगळी साधने केली. तळेगावात राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांची ओढ लावली. हरीश कपाडियांच्या ‘ट्रेक द सह्याद्रीज’ने आणि आनंद पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रा’ने वाटा, अंतरे आणि रेखाटने दिली. त्यांवरून काढलेल्या हातनकाशांच्या झेरॉक्स प्रती वर्षानुवर्षे हातोहात फिरल्या. या हातनकाशांची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे. त्यांत प्रमाण नसते, पण ‘इथे डावीकडची मळलेली वाट सोडा’, ‘आंब्यानंतर ओढा ओलांडा’ असे असते. वाट कुठे चुकते ते त्यात असते, आणि सरकारी पत्रकात नेमके तेवढेच नसते.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका केल्या: एक संरक्षण दलांसाठी, दुसरी सर्वांसाठी खुली. पुण्यात आळंदी रस्त्यावरच्या कार्यालयातून पत्रके विकत घेणे त्यानंतर सोपे झाले. २०१७ मध्ये विभागाला अडीचशे वर्षे झाली तेव्हा ‘नक्शे’ या संकेतस्थळावरून खुल्या मालिकेची पत्रके आधार क्रमांकावर मोफत उतरवून घेण्याची सोय झाली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना आणि नागरिकांना नकाशे करण्यासाठीची पूर्वपरवानगी रद्द केली. २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. संवेदनशील ठिकाणांबाबतचे निर्बंध राहिले, आणि नौदलाचे आयएनएस शिवाजी शेजारी असलेल्या या भागात ते स्वाभाविकही आहेत.

यातली गंमत अशी की कागद खुला झाला तोवर गरज भागवणारे दुसरेच काही हातात आले होते. १ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि खिशातल्या यंत्राची अचूकता काही मीटरवर आली. २००४ पासून ओपनस्ट्रीटमॅप आणि २००६ पासून विकिलॉकसारखी माग साठवणारी ठिकाणे वाढत गेली. सह्याद्रीतल्या भटक्यांच्या फार मोठ्या भागाने टोपोशीटचा, म्हणजे या सरकारी पत्रकांचा, टप्पा गाठलाच नाही. हातनकाशावरून ते थेट मोबाइलवर उतरले. युरोपातला वाद ‘जुने कौशल्य विसरले जात आहे’ असा आहे. आपल्याकडे ते सार्वत्रिक कधी झालेच नव्हते, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे पक्ष नीट कळत नाहीत.

सुई इथे काय करते

आपल्याकडे होकायंत्र शिकवले जाते ते बहुतेक एनसीसीच्या किंवा परदेशी पुस्तकांच्या आधारे. या पुस्तकांत चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांच्यातल्या फरकावर एक लांबलचक प्रकरण असते, कारण कॅनडा-अमेरिकेच्या कित्येक भागांत तो दहा-पंधरा अंशांहून जास्त भरतो. पश्चिम महाराष्ट्रात तो एक अंशाहूनही कमी आहे. हाताने धरलेल्या होकायंत्राची चूकच दोन-तीन अंश असते, तिथे हा फरक सोडून दिला तरी चालतो. आपल्याला हे इतक्या खात्रीने सांगता येते याचे एक कारण जवळच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला नेले, आणि ते अजून चालू आहे.

दगडाचा प्रश्न जास्त चर्चेचा. दख्खनचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्यात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे आहेत. ‘सह्याद्रीत होकायंत्र चालत नाही’ असे काही जुने भटके ठामपणे सांगतात. भूचुंबकत्वाचे अभ्यासक बसाल्टचे नमुने घेताना सुईवर विसंबत नाहीत, सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवणारे उपकरण बरोबर ठेवतात, हे खरे. शिखरांवर वीज पडून कातळाचा एखादा तुकडा तीव्र चुंबकित होतो, आणि त्यावर होकायंत्र टेकवले तर सुई भलतीकडे जाते, हेही खरे. पण छातीच्या उंचीवर धरून, दोन-चार पावले सरकून दोनदा वाचन घेतले तर चालणाऱ्याच्या कामापुरती दिशा मिळते असा दुसऱ्या बाजूचा अनुभव. माझा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे. लोणावळ्यात सुई बिघडवायला कातळापेक्षा उच्चदाबाच्या तारा, लोहमार्ग आणि त्याच हातातल्या मोबाइलच्या कव्हरातले चुंबक जास्त समर्थ आहेत.

खरी अडचण भूगोलाची आहे. होकायंत्राची पद्धत जन्माला आली ती सपाट किंवा हलक्या चढउताराच्या रानांत. नकाशाच्या आधारे जंगलात धावण्याच्या ओरिएंटीअरिंग या खेळाला स्वीडनमध्ये १९१९ च्या सुमारास एर्न्स्ट किलांडरने आजचे रूप दिले, आणि पारदर्शक पट्टीवरचे सिल्व्हा होकायंत्रही १९३० च्या दशकात तिथलेच. दिशेचा कोन घ्या, समोरचे झाड हेरा, तिथवर चाला, पुन्हा कोन घ्या. तलावांच्या आणि पाइनच्या मुलखात हे जमते. लोणावळ्याहून राजमाची जवळजवळ सरळ उत्तरेला, आठ-नऊ किलोमीटरवर आहे. चालताना मात्र तुंगार्ली, फणसराई, वळवंडमार्गे पंधराच्या आसपास पडतात, कारण उल्हास नदीच्या दरीला वळसा घालावा लागतो. इथे कोन धरून कोणी नाकासमोर निघाला तर तो दरीच्या काठावर येऊन उभा राहील. घाटाच्या काठावर एक अंशाची चूक किलोमीटरला सतरा मीटर होते. पाच अंशांची दोन किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर होते, आणि तेवढ्यात नाळेचे तोंड चुकून कड्याचे तोंड येऊ शकते.

मग सुई निरुपयोगी का? नाही. तिची जागा ठरलेली आहे. विसापूरचा माथा विस्तीर्ण आणि सपाट. जुलैत ढग उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही, तटबंदी कुठे आणि उतरायची वाट कुठे याचा पत्ता लागत नाही. चकवा लागतो म्हणतात तो अशाच जागी. जर्मनीत यान सौमान आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना अनोळखी जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला लावले होते. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणसे नकळत वर्तुळात फिरून आपल्याच मागावर येतात, आणि त्यांना आपण सरळच चाललो असे वाटत राहते, असे त्यांना आढळले. आजीच्या गोष्टीतल्या चकव्याला यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणे अवघड. अशा वेळी सुई ‘आपण कुठे’ हे सांगत नाही, पण ‘पूर्वेकडे चाललास तर तट लागेल, मग तट डाव्या हाताला ठेव’ एवढे करू शकते, आणि तेवढे पुरते.

नकाशाचे बळ तिसरीकडेच आहे. सह्याद्रीचे कडे पायऱ्यांसारखे आहेत: सरळ कातळ, मग पदर, मग पुन्हा कातळ. समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे वाट नाही, जिथे सुटतात तिथे सोंड किंवा पदर आहे, रेषांचे टोक डोंगराकडे वळते तिथे घळ. हे वाचता आले की घरी बसून निम्मी चूक टळते. उणीवही इथेच आहे. वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये पंधरा मीटरचा सरळसोट टप्पा लपून जातो, आणि माणूस पडायला पंधरा मीटर खूप झाले. नकाशावर सौम्य दिसणारा ओढा प्रत्यक्षात तीन धबधब्यांनी उतरतो. तुटक रेषेने दाखवलेली पायवाट सर्वेक्षणाच्या वेळी मळलेली होती. मग गावात डांबरी रस्ता आणि एसटी आली, बाजाराला चालत जाणे थांबले, आणि वाट कारवीखाली गेली.

पक्ष

पहिला पक्ष पायाभूत शिक्षणाचा. एनसीसी, स्काउट, उत्तरकाशी-दार्जिलिंगच्या संस्थांतले अभ्यासक्रम केलेले प्रशिक्षक यात येतात. त्यांचे म्हणणे असे की नकाशा जुळवणे, पुढचा आणि मागचा कोन काढणे, दोन-तीन ओळखीच्या खुणांवरून आपली जागा पक्की करणे हे एकदा हाताला बसले की माणूस मुलूखच वेगळ्या नजरेने बघतो. कुसगावच्या परिसरातल्या एखाद्या मोकळ्या टेकाडावर उभे राहावे. पूर्वेला लोहगड-विसापूरची जोडी, आग्नेयेला तुंग, पश्चिमेला नागफणी. स्वच्छ हवेत तीन कोन घेऊन कागदावर रेघा मारल्या की त्या एका छोट्या त्रिकोणात भेटतात आणि आपण त्याच्या आत असतो. शिकवण्यासाठी यापेक्षा चांगली जागा शोधून सापडायची नाही. यंत्र बिघडेल, बॅटरी संपेल, कागद नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. त्यावर उत्तर असे की कागदही भिजतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तीन खुणांची रीत ज्या ऋतूत लागेल त्याच ऋतूत एकही खूण दिसत नाही.

दुसरा पक्ष मोबाइलचा, आणि तो आता बहुसंख्य आहे. त्याचा युक्तिवाद आळशी नाही. आधी कोणी चालून गेलेल्याचा माग म्हणजे सर्वेक्षण विभागाने कधी न नोंदलेली माहिती. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी उतरवून ठेवला की विमान मोडमध्येही ठिपका दिसतो. हे साधे सत्य अजून कित्येकांना माहीत नाही, आणि ‘रेंज गेली म्हणजे जीपीएस गेले’ अशा समजुतीने लोक घाबरतात. या पक्षाच्या मते शिकवायला हवे ते हे: नकाशा उतरवून ठेवणे, बॅटरी राखणे, पॉवरबँक कोरडी ठेवणे. त्यांच्या बाजूच्या अडचणीही त्यांनाच ठाऊक आहेत. खोल घळीत, कड्याच्या कुशीत उपग्रहांचे संकेत कातळावर आपटून येतात आणि ठिपका पन्नास-शंभर मीटर उडी मारतो. जानेवारीत कोरड्या ओढ्यातून काढलेला माग जुलैत पाळला तर तो पाण्यातून जातो. आणि तो काढणारा स्वतः चुकला होता की नाही, हे मागाच्या रेघेवरून कळत नाही.

तिसऱ्या पक्षाचे लोक लिहीत नाहीत, त्यामुळे त्यांचे म्हणणे चर्चेत कमी येते. ठाकरवाड्या, धनगरवाडे, उधेवाडीसारखी गडपायथ्याची गावे, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे भटके यांचे सांगणे असे की या डोंगरात खरे साधन म्हणजे वाटाड्या. ढोरवाट कुठवर जाऊन चरणीला थांबते, कोणती निसणी यंदाच्या पावसात गेली, कोणत्या टाक्याला एप्रिलमध्ये पाणी असते हे कागदावर आणि पडद्यावर येत नाही. त्याला दिलेले चार पैसे गावात राहतात, हा मुद्दाही आहेच. आक्षेप असा की हे ज्ञान ओसरते आहे. गावातली तरुण मुले चाकणच्या कारखान्यांत आणि लोणावळ्याच्या हॉटेलांत आहेत, आणि रोज रानात जाणारा शेवटचा माणूस साठीच्या पुढे गेलेला असतो. हे तीन पक्ष वेगळे मोजले तरी प्रत्यक्ष डोंगरात एकाच माणसाच्या पाठपिशवीत तिन्ही असतात, हे खरे आहे. वाद होतो तो नवख्याला आधी काय द्यायचे यावर.

मे २०२२ मध्ये नागफणीच्या परिसरात एकटा गेलेला एक तरुण वाट चुकला. आपण हरवलो आहोत आणि मोबाइलची बॅटरी संपत आली आहे हे त्याने घरी कळवले. नौदल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि स्थानिक बचाव कार्यकर्त्यांनी शोधले, चार दिवसांनी दरीत मृतदेह सापडला. त्यानंतरच्या चर्चांत प्रत्येक पक्षाने ही घटना आपल्या बाजूने वाचली. पहिल्याने बॅटरी दाखवली. दुसऱ्याने विचारले, फोन लागत होता तर ठिकाणाचे आकडे का पाठवता आले नाहीत? तिसरा म्हणाला, कुरवंड्यातून एक माणूस बरोबर घेतला असता तर! एकटे जाणे आणि मे महिन्यातले ऊन या दोन गोष्टींवर त्या मानाने कमी बोलले गेले, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचावपथकांच्या कामाशी ज्याची थोडीही ओळख आहे तो याच दोन गोष्टींना आधी हात घालेल.

बाहेर काय चालले आहे

इंग्लंडच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हिगेशनचे माजी अध्यक्ष रॉजर मॅकिनले यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले की दिशा शोधण्याचे कौशल्य न वापरल्यास गमावले जाईल, शाळांतून ते शिकवावे. अमेरिकन नौदलाने २०१५ मध्ये ताऱ्यांवरून जागा काढण्याचे शिक्षण पुन्हा सुरू केले. त्यामागे उपग्रह-संकेत बंद पाडले जाण्याची भीती होती.

मेंदूच्या बाजूनेही काम झाले आहे. तोरू इशिकावा आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये २००८ साली केलेल्या प्रयोगात जीपीएस घेऊन चालणारे लोक कागदी नकाशा किंवा प्रत्यक्ष ओळख असलेल्यांपेक्षा जास्त अंतर चालले, जास्त वेळा थांबले आणि नंतर त्या भागाचे रेखाटन त्यांना कमी जमले. २०२० मध्ये लुईझा दहमानी आणि व्हेरोनिक बोबो यांनी जीपीएसचा आयुष्यभरातला वापर आणि दिशेची कमजोर स्मरणशक्ती यांचा संबंध दाखवला. पण ही सारी कामे शहरी रस्ते, मोटारी आणि संगणकावरचे आभासी चक्रव्यूह यांवरची आहेत. कुरवंड्याच्या उतारावर ती जशीच्या तशी लावता येणार नाहीत. इशिकावांच्या प्रयोगातले पडदे छोटे होते आणि यंत्रे तेव्हाची, हेही लक्षात ठेवलेले बरे.

जे ठरलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न पुराव्याचा. वाट चुकल्याची बातमी येते तेव्हा तीत वय, गाव, दरीची खोली असते. हातात कोणता नकाशा होता, तो वाचता येत होता का, माग कोणाचा होता हे नसते. बचावपथकांकडे ही माहिती अनुभवाच्या रूपात आहे, तक्त्याच्या रूपात नाही. ती एका ठरावीक नमुन्यात नोंदली गेली तर पाच वर्षांत या वादातले अर्धे मुद्दे निकालात निघतील. ते काम मोठ्या खर्चाचेही नाही.

दुसरा सक्तीचा. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. त्यात संयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी आहेत. ट्रेक नेणाऱ्याला नकाशावाचन यायलाच हवे का, आणि ते कोण तपासणार, यावर मतभेद आहेत. प्रशिक्षकांना सक्ती हवी. छोट्या संयोजकांना वाटते की दर शनिवारी एकाच वाटेने लोक नेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. स्थानिक वाटाड्यांच्या बाजूचे विचारतात, ज्याने वाट जन्मभर चालली त्याला कागदाची परीक्षा घालून बाद करायचे का?

तिसरा प्रश्न तांत्रिक, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. जुनी पत्रके एव्हरेस्टच्या गणितावर, जीपीएस आणि नवी खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर. एकावरचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर टाकले तर आपल्या भागात शंभर मीटरच्या घरात घसरण होते. नकाशावर ती दोन मिलिमीटर दिसते, काठावर ती जिवाची असू शकते. जुन्या पत्रकांच्या स्कॅन केलेल्या प्रती मोबाइलवर चढवून वापरणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या किती जणांनी ही दुरुस्ती केली आहे ते पडद्याकडे पाहून ओळखता येत नाही.

चौथा नावांचा. पत्रकावर ‘ड्यूक्स नोज’ असेल आणि गावकरी नागफणी म्हणत असेल तर मदतीच्या फोनवर दोघांची गाठ पडायला वेळ लागतो. घळी, नाळा, टाक्या, चरणी यांची नावे तर बहुतेक कुठल्याच नकाशात नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपवर हौशी लोक ती हळूहळू भरतात, पण एकाच नाळेला वरच्या आणि खालच्या गावात वेगळे नाव असले की कोणते ठेवायचे, यावर तिथेही खटके उडतात.

माग उघडे ठेवावेत का, हा वाद गेल्या काही पावसाळ्यांत वाढला. उल्हास दरीतला कातळधार धबधबा एकेकाळी मोजक्यांना ठाऊक होता. माग आणि व्हिडिओ पसरल्यावर तिथे गर्दी लोटली. माग लपवला तर लोक अंदाजाने जातात आणि चुकतात, उघडला तर जास्त लोक जातात आणि घसरतात. कागदी नकाशाचे समर्थक म्हणतात की वाचायला कष्ट पडतात म्हणून तो आपोआप चाळणी लावतो. हा युक्तिवाद मला थोडा उद्धट वाटतो, पण तो खोडून काढणारा आकडा अजून कोणी पुढे ठेवलेला नाही.

राहिला प्रमाणाचा मुद्दा, ज्यावर तिन्ही पक्ष एकत्र येऊ शकतील असे दिसते. १:५०,००० घाटकाठाला अपुरा आहे हे सगळेच मान्य करतात. १:२५,००० चा, दहा मीटर समोच्च रेषांचा, देवनागरी नावांचा, पाण्याने न विरघळणाऱ्या कागदावरचा आणि पत्रकाची कड लोणावळ्याच्या मधून न कापणारा मावळाचा नकाशा काढायला २०२१ नंतर कायद्याची अडचण उरलेली नाही. उंचीची उपग्रहीय माहिती उपलब्ध आहे. गावोगाव फिरून वाटा आणि नावे पडताळणे हे खरे काम, आणि ते वर्षातून दोनदा करावे लागेल: एकदा पावसाळ्यानंतर कारवी माजलेली असताना, एकदा उन्हाळ्यात ओढे आटल्यावर. त्याचा खर्च कोणी उचलायचा आणि दर काही वर्षांनी तो अद्ययावत कोणी ठेवायचा, यावर अजून कोणी नाव पुढे केलेले नाही.